मुकं दुखणं

येळवशीच्या दिवशी आबांनी आंबिलीचा तांब्या अर्धाच पिऊन खाली ठेवला. कोपीत आम्ही दहा-बाराजण होतो, सगळ्यांनी ते पाहिलं, आणि कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अवस. लातूरकडं आणि आमच्या नांदेडच्या काही भागात हा सण दिवाळीच्या वरताण. त्या दुपारी लातूर शहरात रस्ते ओस पडतात, कारण अख्खं शहर शिवारात असतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. नाही केली तरी कचेरीत येणार कोण? रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, कोपीत पांडवांचे पाच दगड, आणि घरून डोक्यावर आणलेलं आंबिलीचं रंगवलेलं बिंदगं. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं. बिंदग्याच्या मातीनं गार झालेली ती आंबिल घशाखाली उतरते तेव्हा पोटात सावली पडल्यासारखं वाटतं. सोबत भज्जी आणि बाजरीचे उंडे. आबांचा या दिवसाचा हिशोब ठरलेला: पहिला तांब्या उभ्यानं, दुसरा मांडी घालून, तिसरा जेवणानंतर आडवं होण्याआधी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यात खंड पडला नव्हता.

यंदा अर्ध्यावर थांबले. “तोंडाला चव नाई,” म्हणाले. सांजच्याला पोरं हेंडगा पेटवून रानाभोवती पळाली, तेव्हा दरसाल त्यांच्यामागं ओरडत जाणारा हा माणूस कोपीला पाठ टेकून बसून राहिला. मी शेजारी जाऊन कपाळाला हात लावला. कपाळ गार. खोकला नाही, सर्दी नाही. उजव्या बरगडीत उसण भरलीय म्हणाले. हरभऱ्याला पाणी देताना वाकून दारं धरली, त्यातून भरली असेल. मला पटलं. वहिनीनं उसणीवर लावायला तेल कोमट केलं आणि मी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परत आलो.

कपाळ गार. आपल्याकडचं अर्धं घरगुती वैद्यक या दोन शब्दांवर उभं आहे. ताप नाही म्हणजे काही नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो आहोत.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. “आबा नीट जेवंनात. आन राती मला इचारलालते, सर्ज्याला वैरण टाकली का म्हून.” सर्ज्या जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्या गोठ्याच्या जागी आता मोटारसायकल लावतात. गावातल्या दवाखान्यात नेलं होतं. बाटली लावली, ताकदीची सुई दिली, वय झालंय, अशक्तपणा आहे, असं सांगितलं. त्या डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी ताप पाहिला, नव्हता. खोकला विचारला, नव्हता. आमच्यापैकी कुणी त्यांना आंबिलीचं सांगितलं नव्हतं, सर्ज्याचंही नाही. म्हातारा माणूस थोडं बरळणारच, असं आम्हीच धरून चाललो होतो.

सर्ज्यावरून आठवलं. आबांना गावात बैलाचा डॉक्टर म्हणायचे, पदवी अर्थातच गावानं दिलेली. कुणाचा बैल बसून राहिला की पहाटे दारात माणूस यायचा. आबा जाऊन बैलाला हात लावायचे नाहीत. आधी चार पावलांवर उकिडवे बसायचे, तंबाखू मळायचे आणि बघायचे. काय बघता, असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रवंथ चालू आहे का. नाकाचा शेंडा दवासारखा ओला आहे का. आणि कूस कशी उडते. बैलाची कूस म्हणजे मागच्या बरगडीनंतरचा तो खळगा; निरोगी बैलाची सावकाश भरते, सावकाश उतरते. भात्यासारखी भरभर उडायला लागली की आत काही पेटलंय. “मुकं जनावर हाय. ते सांगत नसतंय, आपण बघायचं असतंय.”

एवढं ज्याला कळत होतं त्याच्या कुशीकडं तीन दिवस कुणी बघितलं नाही.

बघितलं ते वहिनीनं. आमची वहिनी गावात आशा आहे. आशाताई म्हटलं की लोकांना मोर्चा आणि थकलेलं मानधन एवढंच आठवतं. तिच्या पिशवीत काय असतं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. बाळ टांगून वजन करायचा काटा, थर्मामीटर, घड्याळ, वही. गावात बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं जायचं, बाळाचं वजन करायचं, अंग गरम की गार ते पाहायचं आणि बाळाच्या पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याच्यावर गेले तर धोका. पुन्हा मोजायचे, आणि तरी तेवढेच आले तर थेट दवाखाना.

माझा फोन ठेवून दादा आत गेला, तेव्हा वहिनी आबांच्या बाजेशी घड्याळ घेऊन बसली होती. हे तिनं नंतर सांगितलं. सासऱ्यांना ती मामा म्हणते. मामा झोपलेत असं वाटत होतं, तोंड उघडं होतं, आणि धोतराच्या गाठीवर पोट लहान बाळासारखं उडत होतं. ते बघितलं आणि हात आपोआप घड्याळाकडं गेला. मामा जागे झाले, म्हणाले, “काय करलालीस गं?” ती म्हणाली, “गप पडा मामा, मोजलाले मी.” एका मिनिटाला चौतीस. तिला वाटलं चुकलं असेल, बोलल्यामुळं वाढले असतील. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजले. पुन्हा चौतीस. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असावेत, म्हाताऱ्याचे थोडे अधिक. तिशीच्या पुढं गेले तर घरात ठेवायचा माणूस नव्हे.

वहिनीच्या हातातलं ते मोजणं गडचिरोलीहून आलेलं आहे, हे तिला प्रशिक्षणात कुणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या गावांत तान्ही लेकरं न्यूमोनियानं जात होती आणि न्यूमोनिया ओळखायला लागणारा डॉक्टर, स्टेथोस्कोप, एक्स-रे यांतलं काहीही तिथं नव्हतं. श्वास मात्र प्रत्येक लेकराला होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस, याच्यावर गेला तर न्यूमोनिया समजा आणि औषध सुरू करा, एवढं सोपं ते सूत्र. अडचण अशी की गावातल्या सुईणींना मोजता येई ते दहा-बारापर्यंत. मग मण्यांची पाटी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ एकत्र करून एक साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. तान्ह्यांसाठी मण्यांची एक ओळ, मोठ्या लेकरांसाठी दुसरी. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या हातात निदान आलं. या कामाचे निष्कर्ष १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले: ज्या गावांत हे उपचार झाले तिथं न्यूमोनियानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही खाली होतं. पुढं नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची त्यांची पद्धत २०११पासून देशभरच्या आशांच्या कामात आली. ती आमच्या वाड्यातल्या बाजेपर्यंत पोहोचली.

आमच्या आजीच्या तोंडी या दुखण्याचं नाव ‘डबा’. “लेकराला डबा झाला.” मेळघाटात पोटाला चटके देण्याच्या अघोरी उपायाला ‘डंबा’ म्हणतात, आणि तो अजून अधूनमधून बातम्यांत वाचायला मिळतो. नाव चुकीचं नव्हतं, निरीक्षणही चुकीचं नव्हतं. पोट उडतंय हे त्या बायांनी नेमकं पाहिलं होतं. उपाय तेवढा भयंकर होता.

तर चौतीस. दादानं कपाटातून बोटाला लावायचं मशीन काढलं. २०२१च्या चैत्रात घेतलेलं, तेव्हापासून डब्यात पडून. सेल गळून हिरवे झाले होते. टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. आबांचं बोट गार होतं, आकडा येईना. वहिनीनं हात चोळून ऊब आणली. ८८.

त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आम्ही सगळे ते कोरोनाच्या भयानक वर्षात शिकलो आणि तितक्याच लवकर विसरलो. नाडीच्या ठोक्याबरोबर रक्ताचा रंग वाचून प्राणवायू ओळखायची ही युक्ती १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांना सुचली. जगात घरोघर लोक बोटाला ती चिमटी लावायला लागले त्याच सुमाराला, एप्रिल २०२०मध्ये, ते वारले. त्याच्या पुढच्या वर्षी नांदेडला माझ्या शाळेतला एक सहकारी, वय चव्वेचाळीस, खाटेवर बसून चहा मागत होता आणि मशीन ७४ दाखवत होतं. “मला काही होत नाहीये,” तो हसून म्हणाला. तेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

असं कसं होतं, हे मला पुढं एका डॉक्टर मित्रानं समजावलं. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला होते, ती प्राणवायू कमी झाल्यामुळं फारशी होत नाही. कार्बन डायऑक्साइड साचला की होते. फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, प्राणवायू मात्र पुरेसा आत येत नाही. मेंदूला घंटा ऐकू येत नाही. माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. त्याच काळात आरोग्य विभाग सहा मिनिटं चालायची चाचणी सांगत होता: बोटाचा आकडा बघा, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा, ९३च्या खाली गेला किंवा तीनाहून अधिक अंकांनी उतरला तर दवाखान्यात जा. किती साधी गोष्ट. साथ ओसरली आणि आम्ही मशीनसकट ती चाचणीही कपाटात टाकली.

८८ म्हणजे दवाखाना गाठायलाच हवा होता. आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, आणि तिथल्या माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो: नांदेड का लातूर? दोन्हीकडं जवळपास सारखंच अंतर. आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्न अंबाजोगाई का हैदराबाद असा होता. नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८चं, लातूरचं त्याच्याही नंतरचं. दादानं लातूर म्हटलं. चाकूर ओलांडेपर्यंत आबा मागच्या सीटवर बसून होते, कारण आडवं केलं की त्यांना बरं वाटत नव्हतं. मी नांदेडहून लोहा, माळाकोळी करत मागून निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरीची रानं वाळून उभी होती आणि मला सारखी सर्ज्याची कूस दिसत होती.

लातूरच्या डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील. त्यांनी आधी फोटो मागितला नाही. आबांना पुढं वाकवून बसवलं, डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करत वरून खाली आल्या. डावीकडं पोकळ आवाज, मडक्यावर वाजवल्यासारखा. उजवीकडं वर पोकळ, आणि खाली येता येता एका जागी तो आवाज बसला. भरलेल्या बिंदग्यावर वाजवलं तर येईल तसा, मुका. तो बदल मलाही ऐकू आला. ही टकटक १७६१मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यानं पुस्तक लिहून मांडली; त्याचा बाप खाणावळवाला होता आणि पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून बघायचा, त्यावरून पोराला सुचलं असं सांगतात. खरं-खोटं काही असो, आमच्या बायका बाजारात मडकं असंच वाजवून घेतात.

मग छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसाच्या तळाला पांढरा ढग. न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पाण्यानं आणि पुवानं भरतात, तो भाग असा पांढरा दिसतो. ढगाची कड बरगडीला टेकली होती. आबांची उसण ती होती. फुप्फुसाभोवतीच्या अस्तराला सूज आली की श्वास घेताना तिथं सुई टोचल्यासारखं होतं, आणि आम्ही त्यावर कोमट तेल लावत होतो.

“पण ताप कसा नाही?” मी विचारलं. बाईंनी उलट विचारलं, “गुडघ्याच्या गोळ्या घेतात का रोज?” घेत होते. चार वर्षं, मेडिकलमधून परस्पर, सकाळी एक, रात्री एक. दुखण्याची गोळी तापही दाबते. शिवाय म्हातारपणी शरीराला ताप आणण्याचीही ताकद पुरत नाही, त्या म्हणाल्या. खोकायला छातीत जोर लागतो, तोही नसतो. मग दुखणं दुसऱ्या दारानं बाहेर येतं: जेवण सुटतं, माणूस पडतो, धोतरात लघवी होते, मेलेल्या बैलाला वैरण टाकायला सांगतो. साखर असलेल्यांचं, स्टेरॉइडवर असलेल्यांचं असंच. आणि तान्ह्या बाळाचंही. ते खोकत नाही, कधी कधी तापतही नाही, अंगावर प्यायचं सोडतं.

बाळ पीत नाही, म्हातारा जेवत नाही, बैल रवंथ करत नाही. आबांना हे ऐकवायला हवं होतं, पण तेव्हा ते मला ‘मास्तर’ म्हणून हाका मारत होते आणि ‘माझा मुलगा पास झाला का’, असं मलाच विचारत होते.

उपचारात नाट्य काहीच नव्हतं. नाकाला प्राणवायूच्या नळ्या. रक्त घेतलं: पेशी, मूत्रपिंड, साखर. बेडका तपासायला दिला, त्यात क्षयरोगाचीही तपासणी. आपल्याकडं छातीवरचा ढग दिसला की हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिरेतून दोन प्रतिजैविकं, पहिला डोस तासाभरात. तिसऱ्या दिवशी वैरणीची चौकशी थांबली. चौथ्या दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारली आणि भाकरी का नाही म्हणून विचारलं. मग तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं, जे सगळे पेशंट फुंकतात आणि जे खरं तर ओढायचं असतं. नर्सनं चारदा सांगून आबा फुंकतच होते. पाचव्यांदा ते त्यांच्या ध्यानात आलं. “चिलमीवानी ओढायचं होय! आधी सांगायचं की माय.” तिन्ही गोळ्या वर.

त्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक मुलगी बसलेली असायची, शिकवणीची जाडजूड वही मांडीवर. लातूर पॅटर्नची, होस्टेलमधली. तीन आठवडे कोरडा खोकला, अंगात कणकण, तरी एकही चाचणी परीक्षा बुडवली नव्हती. तिचाही न्यूमोनियाच निघाला, पण वेगळ्या जातीचा, चालता-बोलता माणूस धरणारा. एका खोलीत चार-चार पोरं झोपतात तिथं तो सहज पसरतो. त्याच्या जंतूला बाहेरची भिंतच नसते, म्हणून भिंत फोडणारी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याला लागू पडत नाहीत. दुसरी द्यावी लागतात. मेडिकलमधून पोरीच्या बापानं दोनदा औषध नेलं होतं, दोन्ही वेळा त्याच घराण्यातलं. खोकला दोन आठवड्यांच्या पुढं गेला की दुकानदाराला विचारू नये, बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं.

आबा नवव्या दिवशी घरी आले. सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा, असं बजावून सांगितलं होतं, कारण म्हाताऱ्या फुप्फुसातला ढग सावकाश विरतो, आणि न विरला तर त्याच्यामागं दुसरं काही दडलेलं असू शकतं. आम्ही सातव्या आठवड्यात गेलो, हरभऱ्याच्या राशीमुळं एक आठवडा उशीर. फोटो स्वच्छ होता. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. गुडघे दुखतात, त्याबद्दल आम्ही रोज शिव्या खातो.

तुमच्या घरात कुणी पासष्टीच्या पुढचं असेल, तर आज रात्री ते झोपले की शेजारी बसा आणि पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, चुकतं. आलेला आकडा कॅलेंडरवर लिहा, म्हणजे पुढं कधी तो बदलला तर कळेल. वहिनीनं आमच्याकडचा लिहिलाय. तिच्या आशाच्या वहीत, गावातल्या यंदाच्या नवजात बाळांच्या यादीखाली, शेवटच्या ओळीत: मामा, वय ७८, श्वास १८.